आभाळातला दगड आणि कलमांचे खड्डे



एरवी या सदरात आपण रोपवाटिका, करपा, तुडतुडे, शेणखत अशा गोष्टी बोलतो. आज जरा आभाळाकडे पाहावयाचे आहे. आभाळाकडे आपण रोजच पाहतो, पण ते ढगासाठी. आजचा विषय ढगाचा नव्हे, दगडाचा आहे. हसू नका. त्या दगडापायी आपल्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची आंब्याची ऐंशी कलमे लावावयाची राहत होती, म्हणून तो या पानावर आला आहे.

२०२५ सालच्या फेब्रुवारीचा तिसरा आठवडा होता. कशेळे भागातला एक तरुण शेतकरी कचेरीत आला. त्याची दोन एकर वरकस आहे, डोंगरउताराची. आजोबांच्या वेळी तिथे नाचणी-वरी व्हायची, बापाच्या वेळी नुसते गवत राहिले. मुलाने मनावर घेतले. दहा मीटरवर एक कलम या हिशेबाने ऐंशी जागा आखल्या, चुन्याच्या खुणा टाकल्या आणि उन्हाळ्यात खड्डे काढून ठेवावयाचे ठरवले. मी स्वतः आखणी पाहून आलो होतो. आणि आता हा माझ्या टेबलासमोर उभा, तोंड उतरलेले.

“सायेब, खड्डे मारू का नको मारू?”

“का रे? माणसे मिळत नाहीत का?”

त्याने मोबाईल पुढे केला. त्यात एक माणूस मोठ्या आवाजात सांगत होता की २२ डिसेंबर २०३२ रोजी आभाळातून दगड येणार आणि मुंबई नकाशावरून पुसली जाणार. मुंबई गेली तर कर्जत-खालापूर कुठे राहते? शंभर किलोमीटरच्या आतली आपली गावे.

“जूनमधी कलमा लावल्या तर धंद्याचा आंबा कधी?” त्याने विचारले.

“सहाव्या-सातव्या वर्षी.”

त्याने बोटांवर मोजले. “म्हंजे बत्तीस साल. आन् डिसेंबरात तर मोहोर.”

हिशेब चोख होता. त्यात भर म्हणून एक जमिनीचा दलाल त्याच्या घरी दोनदा येऊन गेला होता. आपल्या भागात हे लोक किती झाले आहेत ते मी सांगावयास नको. त्या गृहस्थाने तोच व्हिडिओ दाखवून सांगितले की नाहीतरी सात वर्षांनी काय उरणार आहे, आज भाव आहे तोवर देऊन टाक. मी म्हटले, त्याला बत्तीस सालाची एवढी खात्री आहे, तर तो स्वतः ही जमीन कशाला घेतो आहे? पोरगा हसला, पण चेहऱ्यावरची काळजी गेली नाही.

आता खरे सांगतो. “सगळे खोटे आहे, जा खड्डे काढ,” असे मला तेव्हा म्हणता आले नाही. कारण आवाज चढवून सांगणारा तो माणूस अतिशयोक्ती करीत असला तरी बातमीचे मूळ खोटे नव्हते. त्या दगडाला शास्त्रज्ञांनी २०२४ वायआर४ असे नाव दिले होते. तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता त्याच आठवड्यात, १८ फेब्रुवारीला, अमेरिकेच्या नासा संस्थेने ३.१ टक्के काढली होती. एवढ्या आकाराच्या कोणत्याही दगडाची त्याआधी इतकी शक्यता कधी निघाली नव्हती. आणि आदळलाच तर कुठे आदळेल याचा जो लांबच लांब पट्टा काढला होता, तो प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र असा येत येत आपल्या दक्षिण आशियापर्यंत पोहोचत होता. मुंबईचे नाव त्यातूनच निघाले.

मी त्याला म्हटले, आठ दिवसांनी ये. तोवर दलालाच्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस.

मला आठवला तो १९७९ चा जुलै. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ मध्ये पडले. मी प्राथमिक शाळेत होतो. अमेरिकेची स्कायलॅब नावाची अंतराळप्रयोगशाळा, सुमारे ७७ टनांची, कक्षेतून खाली येऊन पडणार होती आणि कुठे पडेल ते नेमके कुणालाच सांगता येत नव्हते. रेडिओ सकाळ-संध्याकाळ तेच सांगे. ऐन लावणीचे दिवस. आमच्या आळीत कुणी कोंबड्या कापून खाल्ल्या, कुणी बोकड विकला, कुणी मुलांना शाळेत धाडले नाही. शेजारच्या एका काकांनी तर लावणीच थांबवली. मरायचे तर चिखलात कशाला, असे म्हणून ते आठवडाभर ओटीवर बसून राहिले. स्कायलॅब आपल्याकडच्या ११ जुलैला हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडली. माणूस एकही दगावला नाही. एस्परन्स नावाच्या तिथल्या गावच्या पंचायतीने अमेरिकेला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड लावला, हे मला मोठेपणी वाचायला मिळाले आणि फार आवडले. आमच्या काकांचे रोप मात्र तोवर जून झाले. वीस-पंचवीस दिवसांचे रोप लावावे ते त्यांनी महिन्याच्या वर गेल्यावर लावले. फुटवे आले नाहीत. त्या साली त्यांनी भात विकत घेऊन खाल्ले.

त्या वेळी नासाने दोन आकडे दिले होते. स्कायलॅबचा तुकडा कुणातरी एका माणसाला लागण्याची शक्यता १५२ मध्ये एक, आणि एखाद्या ठरावीक माणसाला, म्हणजे तुम्हाला किंवा मला, लागण्याची शक्यता साठ हजार कोटींत एक. पहिला आकडा वाचून सगळे घाबरले. दुसरा आकडा आमच्या आळीपर्यंत पोहोचलाच नाही. पोहोचला असता तर काकांनी लावणी केली असती की नाही, ठाऊक नाही. पण सांगायला तर हवा होता.

असो. दगडाकडे वळू.

सूर्याभोवती पृथ्वी फिरते तसे लाखो लहानमोठे दगडही फिरतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. बहुतेक मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात राहतात. काही मात्र बांध ओलांडणाऱ्या गुराप्रमाणे आपल्या वाटेजवळ येतात. असे वाटेजवळ येणारे ४०,००० हून अधिक लघुग्रह नोव्हेंबर २०२५ पर्यंत नोंदले गेले होते. एक किलोमीटरपेक्षा मोठे, म्हणजे साऱ्या जगाची शेती बुडवू शकतील असे, बहुतेक सगळे सापडले आहेत आणि येत्या शंभर वर्षांत त्यांतला एकही आदळण्याच्या बेतात नाही. लहान आहेत ते मात्र अजून पुष्कळ सापडावयाचे आहेत. वायआर४ हा लहानांपैकी. त्याची रुंदी पुढे जेम्स वेब या अंतराळातल्या दुर्बिणीने मोजली, ती निघाली सुमारे ६० मीटर. उभा केला तर वीस मजली इमारत होईल. एवढा दगड देश बुडवीत नाही, पण एखादे शहर उद्ध्वस्त करू शकतो.

तो २७ डिसेंबर २०२४ रोजी चिली देशातल्या एका दुर्बिणीतून प्रथम दिसला. गंमत अशी की त्याच्या दोनच दिवस आधी तो पृथ्वीच्या जवळून निघूनही गेला होता. जवळून म्हणजे आठ लाख किलोमीटरवरून, चंद्राच्या दुप्पट अंतरावरून. म्हणजे आपल्याला दिसली ती त्याची पाठ. पाठमोऱ्या माणसाची चार पावले पाहून तो आठ वर्षांनी कुठे असेल ते सांगा, असा हा प्रश्न होता. सुरुवातीला उत्तर फार ढोबळ येणार, हे उघड आहे. जसजशी रोज नवी जागा मोजली जाते तसतशी वाट नक्की होत जाते.

आता मुख्य गोष्ट, जी आमच्या पोराला कळत नव्हती आणि खरे तर मलाही आधी कळली नव्हती. जानेवारीत शक्यता होती एक टक्का. मग दीड, दोन, अडीच आणि शेवटी ३.१. आकडा रोज वाढतो आहे, म्हणजे दगड आपल्याकडे वळतो आहे, असेच कुणालाही वाटणार. तसे ते नव्हते. ते कसे, ते बैलावरून सांगतो.

समजा, रात्री तुमचा बैल दावे तोडून गेला. नदीच्या अलीकडे दहा खाचरे आहेत, त्यांतल्याच एका खाचरात तो शिरला असणार. दहांपैकी एकात तुमचे भाताचे रोप टाकले आहे. बैल तुमच्या रोपात असण्याची शक्यता किती? दहात एक, म्हणजे दहा टक्के. तुम्ही बॅटरी घेऊन निघता. पलीकडून भाऊ ओरडतो, “वरच्या पाचांत नाही!” आता उरली पाच खाचरे, त्यांत तुमचे एक. शक्यता झाली वीस टक्के. पुतण्या सांगतो, ओढ्याकडच्या तिन्हींत नाही. उरली दोन. शक्यता झाली पन्नास टक्के. तुमचे काळीज धडधडायला लागते. पण बैल या सगळ्या वेळात एक पाऊलही हललेला नाही. तो जिथे चरत होता तिथेच चरतो आहे. कमी झाले ते आपले अज्ञान. आणि मग शेजारच्या खाचरातून घुंगरांचा आवाज येतो. पन्नास टक्क्यांचे एकदम शून्य होते.

वायआर४ चे नेमके असेच झाले. २०३२ च्या त्या दिवशी दगड जिथे असू शकेल ती जागा आधी फार लांबरुंद होती आणि पृथ्वी त्यात एका ठिपक्याएवढी. मोजमापे वाढली तशी ती जागा अरुंद होत गेली. पृथ्वी अजून तिच्या आतच होती, म्हणून टक्का चढत गेला. मग जागा इतकी अरुंद झाली की पृथ्वी तिच्या बाहेर पडली. १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के होते ते दोन-तीन दिवसांत पाव टक्क्याच्या आसपास आले, आणि २४ फेब्रुवारीला ०.००४ टक्के, म्हणजे पंचवीस हजारांत एक. त्या दिवशी हा दगड पृथ्वीला लागणार नाही असे नासाने जाहीर केले. पुढे त्याच वर्षी, तो चंद्राला लागण्याची शक्यता चारेक टक्के निघाली आणि पुन्हा मोबाईलवर गोंधळ झाला. पण पृथ्वी त्या हिशेबात नाही.

कधीतरी बैल आपल्याच रोपात सापडतो, हेही लपवीत नाही. म्हणून तर शोध घ्यावयाचा.

आठ दिवसांनी आमचा शेतकरी आला तो वेगळीच शंका घेऊन. “सायेब, तीन टक्के होतं ते येकदम शून्य कसं झालं? दाबलं आसंल.” ही शंका मला आधीच्या भीतीपेक्षा वाईट वाटली. वाढला तर धोका वाढला आणि कमी झाला तर दाबला, असे धरले की कोणत्याच आकड्यावर विश्वास राहत नाही. मी त्याला सांगितले की हे गणित एका कचेरीत होत नाही. अमेरिकेत नासा करते, युरोपची अंतराळसंस्था वेगळे करते, इटलीत आणखी एक गट करतो. जगभरच्या दुर्बिणींची मोजमापे सगळ्यांना खुली असतात. त्या फेब्रुवारीत नासा ३.१ म्हणत होती तेव्हा युरोपवाले २.८ म्हणत होते. दोघांचे आकडे बरोबरच चढले आणि बरोबरच उतरले. बाजारात एकाच काट्यावर माल मोजला तर शंका घ्यावी. तीन काट्यांवर वजन जुळले तर घेऊ नये.

धोक्याची प्रत सांगण्यासाठी शास्त्रज्ञांनी शून्य ते दहा अशी एक श्रेणी केली आहे. इटलीतल्या टोरिनो शहरात १९९९ मध्ये ती ठरली, म्हणून टोरिनो श्रेणी म्हणतात. आपल्या हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा असतो, तशीच. शून्य म्हणजे काळजी नाही. आठ, नऊ, दहा म्हणजे टक्कर नक्की. वायआर४ तीनवर चढला होता. त्याच्या वर आजवर एकच गेला आहे, तो चारवर. त्याचे नाव अपोफिस. मोबाईलवर आता त्याचीच पाळी आहे, म्हणून त्याच्याविषयी सांगतो.

अपोफिस २००४ च्या जूनमध्ये सापडला. तो साडेतीनशे मीटरच्या आसपास, वायआर४ पेक्षा कितीतरी मोठा. त्या वर्षीच्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, तो १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली. जगातले जाणकार रात्रंदिवस त्या आकड्याकडे डोळे लावून बसले होते. आणि त्याच दिवसांत, २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी, सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला आणि त्सुनामीने हिंदी महासागराच्या काठची दोन लाखांहून अधिक माणसे नेली. आपल्या तमिळनाडूत आणि अंदमानात हजारो गेली. हिंदी महासागरात तेव्हा त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. दुसऱ्याच दिवशी जुन्या छायाचित्रांत अपोफिस सापडला, वाट नक्की झाली आणि २०२९ चा धोका संपला. २०२१ मध्ये रडारने पुन्हा मोजून पुढच्या शंभर वर्षांतही तो आदळत नाही, हे पक्के केले.

हे मी मुद्दाम लांबवून सांगितले. यादीत नाव असलेल्या दगडावर कुणीतरी पहारा देत असते. यादीत नाव नसते तिथे पहाराही नसतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी असेच झाले. त्या दिवशी एक लघुग्रह पृथ्वीच्या फार जवळून जाणार हे आधीच ठाऊक होते, सगळ्यांचे लक्ष तिकडे. तो ठरल्याप्रमाणे निघून गेला. पण त्याच दिवशी सकाळी रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर दुसराच एक, वीसेक मीटरचा, सूर्याच्या बाजूने न कळता आला आणि हवेतच फुटला. सूर्याकडून येणारा दुर्बिणीला दिसत नाही. दीड हजाराच्या आसपास माणसे जखमी झाली. मेले कुणी नाही. जखमा बहुतेक काचांच्या होत्या. लख्ख उजेड पडला म्हणून माणसे काय झाले ते पाहायला खिडकीशी धावली, आणि दोन-अडीच मिनिटांनी धक्का पोहोचला तेव्हा काचा त्यांच्या तोंडावर फुटल्या. उजेड आधी, आवाज मागून, हे आपल्याला विजेवरून माहीत आहे. तेव्हा आभाळात कधी असा दिवसाढवळ्या दुसरा सूर्य दिसला तर खिडकीशी जाऊ नका, भिंतीआड खाली बसा. पोराबाळांनाही सांगून ठेवा.

यादीचे बोललो आणि इर्शाळवाडीचे नाव घेतले नाही, असे आपल्या तालुक्यात कसे होईल? १९ जुलै २०२३ ची रात्र. इर्शाळगडाच्या पायथ्याशी, चौकच्या वरची ती ठाकरांची वाडी झोपेत असताना दरड आली. २७ जणांचे देह सापडले, ५७ जण मातीखालीच राहिले. त्या वेळी सरकारने सांगितले की दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. मी नंतर चौकला गेलो होतो. तिथे एक म्हातारे गृहस्थ मला एवढेच म्हणाले की डोंगर आमच्या रोजच्या बघण्यातला, त्याला कोण भिणार? मला उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही. म्हणून सांगतो, २०३२ च्या दगडाला भिणाऱ्या आपल्यातल्या किती जणांनी घरामागच्या उतारावर पावसाळ्यात चर पडली आहे का, भेग रुंदावते आहे का, झऱ्याचे पाणी एकदम गढूळ झाले आहे का, हे पाहिले आहे? झाडे वा खांब कलले आहेत का? असे काही दिसले तर त्या रात्री घरात झोपू नका, आणि सकाळची वाट न पाहता सरपंच, तलाठी, पोलीस पाटील यांना कळवा. आणि वीज. ऑक्टोबरात भात कापणीला आभाळ भरून आले की खाचरात उभे राहू नका, झाडाखाली तर मुळीच नको. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेने केलेले ‘दामिनी’ नावाचे ॲप आपल्या आसपास वीज पडते आहे का ते सांगते. नको ते व्हिडिओ भरलेल्या मोबाईलमध्ये त्याला थोडी जागा करा.

दगड पडतच नाहीत, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. आपल्याच महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. सहलीला कधी गेलात तर काठावर उभे राहून पाहा. जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीच्या खड्ड्यातले, ताटासारखे गोल सरोवर. लवणासुराची आणि दैत्यसूदनाची कथा तिथले लोक सांगतात. शास्त्रज्ञ सांगतात की आभाळातून आलेल्या दगडाने एका क्षणात खणलेला तो खड्डा आहे. खणला कशात? आपल्या माथेरानच्या आणि ढाकच्या कड्यांचा जो काळा कातळ, त्याच जातीच्या कातळात. पहार मारून पाहा, मग त्या धक्क्याची कल्पना येईल. ही गोष्ट कधीची याबद्दल मतभेद आहेत. एका मापनाने सुमारे ५२ हजार वर्षे येतात, नंतरच्या दुसऱ्या मापनाने ५ लाख ७० हजार. कोणताही आकडा धरला तरी एवढ्या काळात महाराष्ट्रात दुसरे लोणार झाल्याचे दिसत नाही.

लहान तुकडे मात्र अधूनमधून पडतात. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलच्या आसपास असे दगड पडले. अशा दगडाला अशनी म्हणतात. वरून जळल्यासारखी काळी पातळ साल आणि आकाराच्या मानाने वजनदार, ही त्याची साधी ओळख. तुमच्या शेतात असा पडलेला दिसला तर धुऊ नका, फोडू नका आणि कृपा करून शेंदूर फासू नका. तलाठ्यामार्फत तहसील कचेरीत कळवा. आपल्या देशात असे दगड भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याकडे जातात. पडणारी वस्तू धातूची असेल तर हातही लावू नका. २ एप्रिल २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात रात्री एक मोठी धातूची कडी आभाळातून पडली. ती दगड नव्हती, रॉकेटचा भाग होता.

आणखी एक सांगितले पाहिजे, कारण त्या पोराने शेवटी तेच विचारले. “आन् यायचाच ठरला तर?” तर त्याला बाजूला सारता येते का, याचा एक प्रयोग झाला आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाने डिमॉर्फस नावाच्या, दीडशे-एकशेसाठ मीटरच्या लघुग्रहावर एक यान मुद्दाम आदळवले. तो दुसऱ्या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी मारीत असे. धडकेनंतर ती फेरी अर्ध्या तासाहून थोडी अधिक कमी झाली. म्हणजे ढकलता येते. पण ढकलायचे ते बरीच वर्षे आधी. दगड दूर असताना दिलेला लहानसा धक्काही पुढे मोठे अंतर पाडतो. वरच्या चारीत दगड ठेवून पाणी वळवणे सोपे असते, खाचरात पाणी शिरल्यावर नाही. त्यासाठी आधी दिसला पाहिजे, आणि दिसल्यावर टक्क्यांचा तो चढउतार लोकांनी धीराने पाहिला पाहिजे. प्रत्येक वेळी कोंबड्या कापून चालणार नाही.

त्याने एप्रिलात खड्डे काढले. मीटर लांब, मीटर रुंद, मीटर खोल. मुरूम लागला, बऱ्याच जागी पहार चालवावी लागली. उन्हाने तापू दिले, मग तळाला पालापाचोळा, वर चांगली माती, शेणखत आणि सुपर फॉस्फेट घालून भरले. जून २०२५ मध्ये पहिला पाऊस जमिनीत मुरल्यावर कलमे लावली. पहिल्या उन्हाळ्यात त्यांतली सात गेली. चार वाळवीने, तीन शेजारच्या गुरांनी. ती पुढच्या पावसात सांधून घ्यावीत. काटेरी कुंपण आधी करायला सांगितले होते, ते राहिले होते. दलाल अजून येतो म्हणे, पण आता व्हिडिओ दाखवीत नाही, चहा पिऊन जातो.

परवा बाजारात भेटला तेव्हा त्याने अपोफिसचेच विचारले. मी सांगितले की २०२९ साली, आपल्या घड्याळाप्रमाणे १४ एप्रिलच्या पहाटे, म्हणजे आंबेडकर जयंतीच्या दिवशी, तो पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. चंद्र याच्या बारापट लांब आहे. युरोप-आफ्रिकेच्या बाजूला तो नुसत्या डोळ्यांनी चालत्या चांदणीसारखा दिसेल. पडणार नाही. आणि हेही सांगितले की त्या साली तुझी कलमे चौथ्या वर्षाची असतील. मोहोर भरपूर दिसेल, मोह होईल, घरची मंडळी एक-दोन पेट्यांची आशा धरतील. त्या वर्षी तो खुडून टाक, खोडे अजून बारीक आहेत.